पश्चिमेच्या भिंतीचे दोन ठोके

लोहा गावचे हुसेन मिस्त्री. आधी हे नाव लिहितो, कारण ते नसते तर मी इंजिनिअर झालो नसतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. सुट्टीत मी हुसेनचाचांच्या हाताखाली दगड उचलायचो. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला तेव्हा माझी लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन होस्टेलपर्यंत तेच आले होते. सांगायचं एवढंच, की मी दगडमातीत वाढलेला माणूस आहे. होस्टेलवर कुणी भुताच्या गोष्टी सुरू केल्या, की मी दिवा लावून पुस्तक उघडायचो.

सध्या मी औसा तालुक्यात कंत्राटी ज्युनिअर इंजिनिअर आहे. दोन वर्षांपूर्वीच्या भूकंपात जी घरं पडली नाहीत, नुसती हादरली, त्यांच्या दुरुस्तीला सरकारी मदत मिळते — सिमेंट, लोखंड, हप्त्याहप्त्यानं. जुन्या भिंती तपासून मी ‘राहण्यास योग्य’ म्हणून सही करायची, मग पुढचा हप्ता सुटतो. लोकांना मात्र त्या मालातून समोर एक नवी खोली हवी असते. जुन्या घराला वरून गिलावा केला, की झाली दुरुस्ती... त्यामुळं सही करताना माझा हात जड होतो.

आपल्याकडची दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. बाहेरची एक, आतली एक, मध्ये माती आणि बारीक दगड. धक्क्यानं या दोन भिंती एकमेकींपासून सुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. चाचांनी शिकवलेली रीत अशी — एकानं बाहेरून हातोडीनं तीन ठोके द्यायचे. दुसऱ्यानं आत भिंतीला तळवा लावून उभं राहायचं. हाताला ठोका लागला तर त्यानं दगडानं उलटे दोन द्यायचे. काहीच आलं नाही तर भिंत सुटली आहे असं समजायचं.

गेल्या गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास, मी केशवरावांच्या घरी गेलो. औसा-लातूर रस्त्यापासून आत दोन किलोमीटर. त्यांची मुलगी सुनीता लातूरला बारावी सायन्सला आहे, क्लाससाठी तिथंच खोली घेऊन राहते. शनिवारी ती घरी येणार होती.

“दोन वर्सं पत्र्याच्या शेडात काढली, साहेब,” तिची आई गंगाबाई म्हणाली. “लेक आली की अभ्यास करती. पत्रा तापून लई जीव जातो तिचा. तुमची सही झाली की तिची खाट आत टाकते. पश्चिमेच्या भितीला. तिथं कोनाडा हाय, पुस्तकं राहत्यात.”

केशवरावांना मी रीत समजावून सांगितली.

“म्हंजी डॉक्टरावाणी ठोकून बघनार म्हना,” ते हसले. “तपासलं तर गोळी बी द्या एखादी भितीला.”

ते आत गेले. मी घराच्या मागं, पश्चिमेच्या भिंतीपाशी गेलो. तीन ठोके दिले.

आतून दोन आले. स्वच्छ.

चार पावलं सरकलो, परत तीन. परत दोन. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सात ठिकाणी ठोकलं, सातही वेळा उत्तर आलं. शेवटी तर माझा तिसरा ठोका संपायच्या आत आलं... मला वाटलं, केशवराव कंटाळले. तिथंच कागदावर शेरा लिहिला, सही केली आणि पुढं आलो.

केशवराव अंगणात वाळूच्या ट्रॅक्टरवाल्याशी हुज्जत घालत होते. घराला कुलूप होतं.

“तुम्ही बाहेर कधी आलात?”

“तुम्ही मागं गेलात अन् ह्यो आला की. लगेच आलो. शेळी ज्वारीत तोंड घालती म्हून कुलूप लावलं. तुम्ही ठोकलंच न्हाई ना अजून?”

“आत कोण आहे?”

“कोन असनार? ही काय, गंगा हितं हाय.”

कुलूप उघडायला लावलं. आत ज्वारीची पोती, रिकामी खाट, कोनाड्यात वह्या. दुसरं दार नाही. केशवरावांना भिंतीपाशी उभं केलं, गंगाबाईला त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि मागं जाऊन जोरात ठोकलं. सात ठिकाणी. एकदाही उत्तर नाही.

“हाताला काहीच लागंना, साहेब,” आतून बाहेर येत ते म्हणाले. आता ते हसत नव्हते.

मी बाहेरचा एक दगड काढायला लावला. मधली माती खाली बसली होती. माझा हात कोपरापर्यंत आत गेला आणि आतल्या भिंतीला बोट लागलं नाही. कागद तिथंच फाडला. गंगाबाईनं कोनाड्यातल्या वह्या काढून पदरात घेतल्या.

प्रतिध्वनी म्हणावं तर तीन यायला हवेत. उंदीर मोजून ठोकत नाहीत. आणि भिंत इतकी सुटलेली असताना आत खरंच कुणी ठोकलं असतं, तरी ते मला बाहेर ऐकू यायला नको होतं. मग ते आलं कुठून, इथं माझं शिक्षण थांबतं. लोकांच्या अनुभवात असं काही सावध करतं म्हणतात. मला तर ते ‘सही कर’ म्हणत होतं.

परवा मी लोह्याला पत्र टाकलं. उत्तर अजून नाही. पत्र असं —

“चाचांना सलाम. केशवरावांच्या घराचं सगळं सोबतच्या कागदावर लिहिलंय. आता जे लिहितो ते अजून कुणाला बोललेलो नाही. याच गावात मी याआधी अकरा घरांवर सही केली आहे. प्रत्येक ठिकाणी बाहेर उभं राहून दोन ठोके ऐकले आणि पुढच्या घरी गेलो. आत कोण उभं आहे हे एकदाही डोकावून पाहिलं नाही. ती अकरा कुटुंबं पत्र्याच्या शेडातून घरात राहायला गेलीत. काल दारोदार जाऊन सांगितलं, आज बाहेर निजा. चौघांनी ऐकलं, बाकीचे म्हणाले, साहेब, सही तुमचीच हाय की. सोमवारपासून सगळी परत तपासतो. नोकरी जाईल, जाऊ दे. तुम्ही औशाची पहिली बस धरा. मी बाहेरून ठोकतो, आत तुम्ही उभे राहा. फक्त चाचा, उलटे ठोके देऊ नका. माझं नाव घेऊन हाक मारा. तुमचा, गोविंद.”