रत्नाक्कांविरुद्धचा अर्ज

नर्स रत्नाक्कांना वॉर्डातून काढा, असा अर्ज मी लिहिला होता. माझ्या हातानं.

काल अक्का गेल्या. त्यांच्या मुलीचा फोन आला आणि मी नुसती "बरं, बरं" म्हणत राहिले.

साल शहाऐंशी असेल. आमच्या वांग्याच्या वाडीला तारेचं कुंपण होतं. त्याची गंजलेली तार आईच्या पायात घुसली. तिनं हळद दाबली आणि कामाला लागली. आठव्या दिवशी तिचं तोंडच उघडेना.

धनुर्वात.

आमचं गाव इंद्रवेल्लीच्या पुढं, तेलुगू मुलखात. मामांनी जीप आणली म्हणून आई जिवंत दवाखान्यात पोचली. हे मान्य.
(दवाखान्याचं नाव लिहीत नाही. विचारू नका.)

इंटेन्सिव्ह केअर म्हणजे चार कॉट. आईची कोपऱ्यात, खिडकीला काळं कापड. धनुर्वाताच्या पेशंटला उजेड झाला, आवाज झाला, कुणी अचानक हात लावला, तरी झटका येतो. श्वास अडकतो.

हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की ही नर्स माझ्या आईला अंधारात ठेवते आणि मला छळते.

बांगड्या काढ. चप्पल बाहेर. स्टूल ओढू नको, उचल.

"आणि शिंक आली तर?" मी एकदा वैतागून विचारलं.
"बाहेर जाऊन शिंक."

अक्का आणि मी तेलुगूत बोलायचो. माझी शाळा तेलुगू, घरात तेवढी मलाच येत होती.

ट्रॉलीचं चाक कुरकुरलं की अक्का त्यात स्वतःचं खोबरेल तेल घालायच्या. मोठ्या डॉक्टरांनाही बूट काढायला लावायच्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी आईची कूस बदलायची म्हणजे बदलायचीच, आणि मला सोबत घेऊनच.

त्याआधी प्रत्येक वेळी कानाशी वाकून सांगायचं. आईला तेलुगू कळत नाही, म्हणून माझ्याकडून मराठी शिकून घेतलं. "माय, आता हात लावते."

उच्चार इतके वाईट की मला चीड यायची. हो, त्याचीसुद्धा!

दवाखान्यातल्या नवव्या दिवशी मामा आले. सोबत गावातले सहा जण.

"मामा, एकेकानं जा. हळू."
"काऊन? माही बहीण हाये ते! चोरून भेटू का?"

चपला वाजवत आत. काळं कापड सर्रकन बाजूला. मग आईचे दोन्ही खांदे धरून, "बाई, ओ बाई! डोये उघड! पाह्य कोन आलं!"

आई कमानीसारखी वाकली. डोकं आणि टाचा, एवढंच गादीला टेकलेलं. ओठ निळे.

अक्कांनी मामांची कॉलर धरली आणि सहा जणांदेखत त्यांना दाराबाहेर काढलं. मग परत येऊन इंजेक्शन, ऑक्सिजन, कानाशी तेच मोडकं मराठी. किती वेळ गेला माहीत नाही. आईचा श्वास परत सुरू झाला.

आणि मामांच्या लक्षात काय राहिलं?
कॉलर.

"लिव," ते मला व्हरांड्यात म्हणाले. "तुले तेलगू येते. लिव, नर्सनं हात उचलला. पेशंटले अंधारात डांबून ठेवून राह्यली. दुसरी नर्स द्या."
"पण मामा, तुमीच तर..."
"जीप कोनं आनली व?"

मी लिहिलं.

जीपचं ओझं होतं, खरंय. पण पूर्ण खरं सांगू? मलाही अक्कांचा राग होता, नऊ दिवस साचलेला. चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं.

एरवी आमचे अर्ज वर्षवर्ष धूळ खातात. हा दुसऱ्याच दिवशी मंजूर! बूट काढावे लागलेले डॉक्टर वाटच बघत असावेत. अक्का ओपीडीच्या ड्रेसिंग रूममध्ये.

नवी सिस्टर फार गोड. कधी ओरडली नाही. कूसही बदलली नाही. "चार पेशंट, मी एकटी, कधी करू?" तेही खोटं नव्हतं.

मग मीच बांगड्या उतरवून ठेवल्या आणि घड्याळाकडं बघायला लागले. दर दोन तासांनी. अक्का करायच्या तस्संच.

तिसऱ्या आठवड्यात आईचा जबडा बोटभर उघडला. पहिलं वाक्य काय असावं?

"ते बाई कुठं गेली व? सांगून हात लावनारी?"

मी रडत सगळं सांगितलं. आईनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "जाय. आन तिले."

मी दुसरा अर्ज लिहिला. क्लार्कनं वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "काढा म्हणता, आणा म्हणता. दवाखाना आहे की बाजार?"

ड्रेसिंग रूमची रांग दाराबाहेर आली होती. अक्का एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी सोडत होत्या.

"अक्का, तो अर्ज मी लिहिला होता."
"माहीत आहे. तुझ्या मामांना तेलुगू कुठं येतं?" मान वर नाही.
"चुकलं माझं."
"अम्माच्या पाठीला जखम झाली का?"
"नाही."
"टाचांना?"
"नाही. मी दर दोन तासांनी कूस बदलते."

तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मग इथं काय करतेस? वेळ झाली असेल. पळ."

आई त्यानंतर वीसेक वर्षं जगली. अक्का ड्रेसिंग रूममधूनच रिटायर झाल्या. त्यांना त्या चार कॉटच्या खोलीत परत कुणी बोलावलं नाही.

अक्का, तुम्हाला शेवटचा नमस्कार.