सख्ख्या भावाची साक्ष

अमिरातीत, अल ऐनला आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची. मी तिला खाला म्हणायचे, अरबीत मावशी. तरुणपणी बाजारात आपल्या माणसांना खजूर विकून तिला हिंदी छान यायला लागलं होतं. जन्म इथलाच, खजुरीच्या बागेतला. पण ती कुठल्याच देशाची नव्हती. देश नवा झाला, नागरिकांची नोंदणी झाली, तेव्हा ती नवऱ्याबरोबर बकऱ्या घेऊन पलीकडे ओमानच्या बाजूला होती. मध्ये कुंपण नव्हतंच तेव्हा. परत आली तोवर भाऊ नागरिक झाला होता आणि ती परकी.

उतारवयात तिने पुन्हा अर्ज केला. ऑफिसातला मुलगा म्हणाला, "रक्ताचं माणूस आणा. त्याने ओळखलं तर बघू, इन्शाल्ला."

तिच्या मुलाला कागदांअभावी लायसन्स मिळत नव्हतं. म्हणून भावाकडे तिला मी गाडीने नेलं.

भावाने आम्हाला बैठकीत बसवलं, कॉफी दिली. त्याचे दोन मुलगे बाजूला बसले होते, एक सरकारी गणवेशात. खालाने येण्याचं कारण सांगितलं. मुलगे बापाकडे बघायला लागले.

भाऊ माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, "मेरी एक बहन थी. बचपन में मर गई. ये औरत ग़लत घर में आई है."

मला वाटलं, ती ओरडेल, लहानपणच्या खुणा सांगेल. तिने कॉफीचा रिकामा फिंजान, तो छोटा कप, हलवून परत दिला. आता पुरे, असं सांगायची इथली रीत. मग माझ्या खांद्याला धरून उठली.

गाडीत मी संतापून काहीबाही बोलले. ती म्हणाली, "घाबरला गं. बहीण पलीकडची निघाली तर उद्या त्यालाही विचारतील, तू कुठला."

"म्हणून जिवंत बहिणीला मारायचं?"

"खलास," ती म्हणाली आणि काच खाली करून घेतली.

आठवड्याने भावाचा ड्रायव्हर खजुरांची टोपली ठेवून गेला. मी म्हटलं, फेकून दे. ती खात राहिली. "झाड बापाने लावलंय," म्हणाली.

अर्ज फेटाळला गेला. शेवटी मुलाने सगळ्यांसाठी दूरच्या कुठल्याशा बेटाचा, पैसे भरून मिळणारा पासपोर्ट घेतला. खालाला त्या बेटाचं नावही नीट उच्चारता येईना. जिथे जन्मली तिथेच ती आता आमच्यासारखी व्हिसावर राहायला लागली.

माझी मुलगी खूश झाली. "नाऊ शी इज लाइक अस, मम्मा!"

खालाने मला विचारलं, "काय म्हणते पोरगी?"

"तुला मुबारक म्हणते," मी सांगितलं.