बाळंतिणीचं तोंड आलं तेव्हा

"खाईना म्हनून दूध कमी झालं. आता डबा आनावा का?" एका बाळंतिणीच्या सासूबाईंनी माझ्या टेबलाशी येऊन विचारलं. डबा म्हणजे पावडरच्या दुधाचा. शेजारी त्यांची सून संगीता, तान्हं बाळ मांडीवर घेऊन. तिचं तोंड आलं होतं. जिभेवर, गालांच्या आत फोडच फोड, बोलणार कशी?

अकोले तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. संगीताचं रक्त कमी होतं. डॉक्टरांनी फोडांवर लावायला मलम दिलं आणि म्हणाले, "मॅडम, पोटात काय जातंय ते तुम्ही बघा."

"घरी काय देता?" मी विचारलं.

"कायबी कमी करत न्हाई. बाजरीची भाकर, लसनाची चटनी. दूध यावं म्हनून दोन्ही टायमाला सुंठ-मिऱ्याचा काढा."

"आणि रक्तवाढीच्या गोळ्या?"

"त्या बंद केल्या. लई उष्न पडत्यात. त्यानंच तोंड आलं."

मला हसू आलं आणि पोरीची कीवही आली. उष्ण म्हणून गोळी बंद, आणि मिरी मात्र चालू! काढा फोडांना झोंबायचा, कोरडी भाकरी घासायची. रक्त कमी असल्यानंही तोंड सारखं येतं, हे मी सांगितलं. मग डायट चार्ट लिहायला घेतला. ताक, दही, केळं.

सासूबाई उठल्याच. "बाळंतिनीला थंड? लेकराला सर्दी व्हईल. चल गं."

तेव्हा संगीता कशीबशी बोलली. "आत्याबाई, भूक लागलीया."

सासूबाई मटकन खाली बसल्या. त्यांचे डोळे भरले. माया कमी नव्हतीच त्यांची.

मी चार्ट बाजूला सारला. "तुमचंच सगळं ठेवू. भाकरी दुधात कुस्करून, कोमट. हळिवाची खीरही कोमटच. दुपारी शेपू मुगाच्या डाळीत मऊ शिजवा, बिनमिरचीचा, आणि त्या जेवणानंतर गोळी. मिरी, सुंठ, लसूण तोंड बरं होईपर्यंत नको. आणि बाळाला सारखं पाजायचं, त्यानंच दूध वाढतं."

"भाकर माझ्याच हातची ना?"

"तुमच्याच."

पुढच्या आठवड्यात दोघी आल्या. संगीता चांगली बोलत होती, म्हणजे तक्रारच करत होती. "मॅडम, खीर आता पुरं म्हना यांना." बाळाला अंगावरचं दूध पुरत होतं.

आता ओपीडीत मी आधी विचारते, घरी रांधतं कोण? मग चार्ट तिच्याशी बोलून लिहिते. नाहीतर तो कागद दवाखान्याच्या गेटपर्यंतच जातो.