राहिलेलं एक घर

“तुमच्या किचनच्या जागी पूर्वी बायकांचा थंड पाण्याचा हौद होता, ठाऊक आहे?” टोपीवरून पाऊस गळतोय, हातात काठी आहे, अशा अवस्थेत अनोळखी दारात उभं राहून हे इंग्रजीत विचारणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. शेजारी मान खाली घालून मीच उभी असायचे.

इंग्लंडातल्या डर्बीशरमधलं आमचं गाव एके काळी हायड्रोंचं. हायड्रो म्हणजे पाण्याने रोग बरे करणारी हॉटेलं: गार पाण्याच्या धारा, ओल्या चादरी आणि दारूला बंदी. आता तिथे फ्लॅट्स झालेत. इथल्याच हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या नागपूरच्या डॉक्टरकाकांना त्या हायड्रोंचा इतिहास इंग्रजीत लिहायचा होता. मी आयटीतली आणि वर मराठी, म्हणून टायपिंग माझ्या गळ्यात.

“थांब गं, अजून एक घर राहिलंय,” हे त्यांचं पालुपद मी दोन वर्षं ऐकलं. एका रविवारी ओल्या चादरीचा उपचार समजावताना त्यांनी माझ्या नवऱ्यालाच आमच्या हॉलमध्ये भिजल्या चादरीत गुंडाळलं. तो आठ दिवस शिंकत होता. “रिॲक्शन येतेय, चांगलं लक्षण आहे,” काका फोनवर म्हणाले.

शेवटी छपाईची तारीख ठरली, आणि काकांनी आणखी एक पान मागितलं. तीन खोल्यांच्या एका साध्या गेस्ट हाउससाठी! माझा संयम सुटला.

“काका, तिथे ना हौद, ना धारा. आपल्या पुस्तिकेत त्याचं काय काम?”



“मी इथे इंटरव्ह्यूला आलो ना, तेव्हा तीन हॉटेलांनी माझं तोंड बघून रूम नाही म्हणून सांगितलं. खिडकीत मात्र खोल्या रिकाम्या असल्याची, ‘व्हेकन्सीज’ची पाटी तशीच. चौथं दार या गेस्ट हाउसच्या बाईने उघडलं. म्हणाली, गारठलायस, आंघोळीला पाणी गरम करू? आणि मी असा गाढव, तिचं नाव विचारलं नाही. नुसतं मॅडम, मॅडम करत राहिलो.”

स्वतःवरच चरफडत मी छपाई पुढे ढकलली.

लायब्ररीतल्या जुन्या डिरेक्टरीत ते घर सापडलं, पण नाव त्या बाईच्या नवऱ्याचं.

“हेच टाकू या. ‘यांच्या पत्नी’ म्हणून,” मी म्हटलं.

“दार त्याने उघडलं होतं का?” काका भडकले.

मग आडनावाचा माग काढत चर्चच्या आवारातले थडग्यांचे दगड वाचणं आलं. तीन शनिवार माझे त्यात गेले. चौथ्या शनिवारी एका दगडावरचं शेवाळ खरवडलं, तर नवऱ्याच्या नावाखाली अक्षरं दिसली: एडिथ.

काकांनी बूट काढले.

“अहो काका, गवत ओलं आहे!” मी ओरडले.

त्यांनी ऐकलंच नाही. मोज्यांवर उभं राहून हात जोडले. निघताना दगडाला म्हणाले, “येतो, एडिथबाई.”

पुस्तिका छापून आली तेव्हा काकांना जाऊन महिना झाला होता. त्यांची मुलगी लंडनमधल्या पिनरहून घर आवरायला आली होती. मी तिला एक प्रत दिली. खोक्यांच्या गर्दीत तिने एडिथबाईंचं पान उभ्याउभ्या वाचलं.

“हे बाबा मला कधीच सांगितला नाही,” ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली.

मग एका खोक्यावर बसली आणि पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली.