मोठे मासे आधी मेले

“मॅडम, ‘विषारी औषधामुळे मृत’ असं लिहा आन् खाली सही करा,” म्हणत जमादारांनी पंचनाम्याचा कागद माझ्यापुढे धरला.

आम्ही मेडशीच्या पुढच्या एका गावात, पाझर तलावाच्या बांधावर उभे होतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. कडेला कटला आणि रोहू पोट वर करून पडले होते. एकेक मासा दोन-दोन किलोचा. बांधावर अख्खं गाव जमलं होतं, पण निम्मे लोक पाण्याकडे बघतच नव्हते. ते भीमराव काकांकडे बघत होते.

काकांचं तुरीचं वावर तलावाला लागून. आदल्या दिवशी त्यांनी तुरीवर फवारणी केली होती आणि सकाळी मासे मेलेले सापडले. गावाला एवढं पुरेसं होतं.

मी मत्स्यव्यवसाय खात्यात अधिकारी. वाशिमच्या ऑफिसला येऊन मला दुसरंच वर्ष होतं. तलाव मच्छीमार सोसायटीकडे होता, आणि सोसायटीचे अध्यक्ष काशीरामभाऊ रडवेले झाले होते.

“पाच साल झाले हा तलाव आमी सांभाळून राह्यलो, मॅडम. असं कधी झालं नाई. यानंच डबे धुतले असन पाण्यात!”

“म्या वावरातच धुतले,” काका म्हणाले. “तलावात कायले धुऊ? माह्ये बैलं हेच पाणी पेतात.”

“मंग मासे मेले काहून?”

काका बाभळीखाली बसले होते आणि त्यांच्या आसपास दहा हातांवर कुणी उभं नव्हतं. त्यांची सून तेवढी पाण्याची बाटली घेऊन शेजारी होती.

मी साहेबांना फोन लावला.

“संशयित विषप्रयोग लिहा, नमुने लॅबला पाठवा आणि निघा,” साहेब म्हणाले.

“सर, लॅबचा रिपोर्ट यायला महिना जातो. तोवर या माणसाचं गावात काय होईल?”

“तुम्ही फिशरीज ऑफिसर आहात, वकील नाही.”

साहेबांचं चुकलं नव्हतं. पण मी अजून पाण्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. जमादारांना थांबायला सांगून मी चप्पल काढली आणि पाण्यात उतरले.

पाणी कोमट लागलं. ऑक्टोबरची उष्णता, वाऱ्याची झुळूकही नाही, आणि रंग असा की कुणी हिरवा ऑइलपेंट ओतलाय. मेलेले सगळे मासे मोठे होते. बारके मात्र जिवंत. पाणकिडेही पळत होते, कडेचा बेडूक माझ्या पायावरून उडी मारून गेला. औषध पाण्यात गेलं असतं, तर आधी किडे आणि बारके जीव मेले असते. मोठे मासे आधी मरतात ते बहुतेक वेळा श्वास कोंडून.

मग गाडीतून प्लवकजाळी काढली. ही तलम कापडाची, गाळणीसारखी जाळी. प्लवक म्हणजे पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म जीव. काही वनस्पतींसारखे, काही किड्यांसारखे. बॉनेटवर मायक्रोस्कोप ठेवला आणि थेंब पाहिला. निळं-हिरवं शेवाळ, दुसरं जवळपास काहीच नाही.

तापलेल्या पाण्यात प्लवक कसे बदलतात, हे माझ्या ओळखीचं होतं. या नोकरीआधी मी चार वर्षं किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत समुद्रातले प्लवक मोजत होते. समुद्र वरून तापला की कोमट पाण्याचा थर खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखा बसतो. खालची पोषक द्रव्यं वर येत नाहीत. मग डायटम नावाचे मोठे, चांगले प्लवक कमी होतात आणि बारीकसारीक उरतात. त्यांच्यावर जगणाऱ्या माशांची उपासमार होते. तलावातही तापून झाकण बसतं, पण इथे उपासमार नसते. वावरातलं खत पावसाबरोबर तलावात येतं, आणि गरम पाण्यात निळं-हिरवं शेवाळ माजतं. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं. अंधार पडला की तेच ऑक्सिजन ओढतं, आणि पहाटे तो पाण्यात सगळ्यांत कमी उरतो. त्यात आदले दोन दिवस आभाळ होतं, म्हणजे दिवसाची भरपाईही झाली नव्हती.

मी हे काशीरामभाऊंना समजावलं. त्यांनी माझ्या मीटरवर ऑक्सिजन मोजून दाखवायला सांगितलं. दाखवला. तोवर ऊन चांगलं तापलं होतं आणि आकडा उत्तम आला.

“पाण्यात हवा त हाये, मॅडम!” बांधावरचं कुणीतरी ओरडलं. लोक हसले. माझे कान तापले.

“पहाटे पाच वाजता या,” मी म्हणाले. “तेव्हाही आकडा असाच आला, तर मी तुम्ही म्हणाल ते लिहीन.”

जमादारांनी कागदाची घडी केली. रात्री मी अंगणवाडीताईंकडे मुक्काम केला. झोप लागली नाही. आपण भलतंच बोलून बसलो, असं वाटत राहिलं.

पहाटे काशीरामभाऊ, जमादार आणि सोसायटीचे चारपाच जण आले. बॅटरीच्या उजेडात मीटर सोडला. आकडा घसरत घसरत शून्याजवळ थांबला. पाण्यावर हजारो बारकी तोंडं उघडझाप करत होती.

“हे बी मरतीन आता,” काशीरामभाऊ म्हणाले.

“पाणी उडवलं तर वाचतील. उपसून वरून कारंज्यासारखं पाडायचं. इंजिन आहे कुणाचं जवळ?”

तलावाला लागून डिझेल इंजिन एकट्या भीमराव काकांचं होतं.

काशीरामभाऊ स्वतः त्यांच्या दारी गेले. मी मागे होते. काका ओट्यावरच बसले होते. तेही झोपलेले दिसले नाहीत.

“काका, इंजिन पाह्यजे होतं. मासे मरून राह्यले.”

सून दारातून म्हणाली, “बाबा, नका देऊ.”

“माशायनं माह्यं काय बिघडवलं?” काका उठले आणि हँडल घ्यायला आत गेले.

पाच पहाटे इंजिन चाललं. सहाव्या दिवशी वारा सुटला, हिरवा थर फाटला. बरेच बारके मासे तगले. काशीरामभाऊंनी पोलिसांतली तक्रार इंजिन चाललं त्या पहिल्याच सकाळी मागे घेतली होती. माफी मात्र त्यांनी माझ्यासमोर तरी मागितली नाही. लॅबचा रिपोर्ट दीड महिन्यानं आला. कीटकनाशक आढळलं नाही.

साहेबांनी माझा अहवाल वाचला आणि चष्मा काढला.

“तापलेलं पाणी, प्लवकांची वाढ... याला फॉर्ममध्ये रकाना कुठंय?”

“‘इतर’वर टिक केलीय, सर.”

हल्ली असे फोन दर वर्षी येतात, आणि प्रत्येक गावाकडे एक नाव तयारच असतं. खत सगळ्यांच्याच वावरातून आलेलं असतं, पण ते कुणी बोलत नाही. पाणी तापलेलं डोळ्यांना दिसत नाही. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला माणूस सगळ्यांना दिसतो.