कुलूप बाहेरून होतं

माझी नात मोबाईलवर तुमच्याकडचे अनुभव वाचते. तीच म्हणाली, "आजी, तुझंही लिही." चौथीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं. आधीच सांगते — भूतबीत मी मानत नाही. माझ्या म्हाताऱ्याला, म्हणजे नवऱ्याला, लकवा झाला तेव्हा सायवनचे नातेवाईक भगताकडे चला म्हणत होते. मी डॉक्टरकडे नेलं. वाचा गेली, एक बाजू गेली... माणूस राहिला.

आम्ही डहाणू रोडला, स्टेशनच्या पूर्वेला भाड्याने राहतो. चाळीतली एक खोली. वर पत्रा, एक दार, गजांची एक खिडकी. बंदराच्या कामाला येणाऱ्या लोकांना खोल्या हव्यात, म्हणून मालक आम्हाला उठवायला बघत होता. मी हलत नव्हते. लुळा माणूस घेऊन जाऊ कुठे?

मे महिना होता. म्हाताऱ्याला भरवलं, उताणा निजवला, उन्हासाठी खिडकी आतून लावली आणि त्याच्या गोळ्या आणायला गेले. दवाखान्यात ही रांग... परत आले तर दाराला नवं कुलूप, आणि मालक समोर खुर्ची टाकून बसलेला.

"शेठ, कुलूप काढ. म्हातारा आत आहे."

"काय पण माँजी! काका तर मुलीकडे गेले तलासरीला, सगळी चाळ बोलते. सामान उद्या घेऊन जा."

"अरे, आत आहे तो! पत्रा तापलाय, मरेल."

"मी हाका मारून मगच कुलूप लावलं. कोण बोललं नाही."

"त्याला बोलता येतं का, मेल्या?"

दार बडवलं. दगड उचलला, तो त्याने हातातून काढून घेतला. शेवटी पाया पडले त्याच्या. आयुष्यात कोणाच्या अशी पडले नव्हते. आजूबाजूच्या खोल्यांतले सगळे कामावर. आत म्हातारा जिवंत आहे की गेला, तेही कळेना.

"नाटक नको माँजी. तुझ्यासमोरच विचारतो," म्हणत त्याने दार वाजवलं. "आत कोण आहे काय?"

"थांब गो, आले."

आतून. बाईचा आवाज... हातात काम असताना कोणी दार वाजवलं की बाई बोलते तसा, वैतागलेला. दार पुरुषाने वाजवलं होतं. ती 'गो' म्हणाली — म्हणजे माझ्याशी बोलली.

मालकाने खिशातून किल्ली काढली. मी हिसकावून घेतली, उघडलं.

आत म्हातारा एकटाच. पण कुशीवर निजवलेला, पाठीला गोधडीची वळकटी — मी लावते तशीच. ओठ ओले. त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही हो!

मालकाने खाटेखाली बघितलं, मोरीत बघितलं. बाहेर जाऊन लांबूनच ओरडला, "भाड्याच्या कागदावर तुम्ही दोघंच आहात. ही तिसरी कोण ठेवली?"

"ये ना आत, तिलाच विचार," मी म्हटलं.

आला नाही. कुलूप तिथेच टाकून गेला.

म्हाताऱ्याला मी किती वेळा विचारलं, कोण होती? नात म्हणते, आजी, घाबरून तुला भास झाला. मग मालकाला कसा झाला? तुम्हाला काही सुचलं तर सांगा.

मुलगी मात्र हट्टाला पेटली आहे — ती खोली सोड म्हणते. नाही सोडणार. गोळ्या आणायला मला बाहेर जावंच लागतं. मी नसताना त्याच्याकडे बघायला त्या बाईशिवाय दुसरं आहे कोण?