वस्तूंच्या यादीत माझं नाव

“अगं, ईमेलला तिकीट चिकटवावं लागत नाही.”

आमचं ऑफिस सांभाळणाऱ्या प्रधान मॅडम एवढंच म्हणाल्या आणि हॉलमधली सगळी माणसं हसली. ईमेल शिकवायला पुण्याहून आलेला ट्रेनरसुद्धा हसला. मी खुर्चीवर बसलेली. मांडीवर नवीकोरी वही, पहिल्या पानावर तारीख घातलेली. मॅडम माझ्याकडे बघून हसत होत्या. रागाने नाही, प्रेमाने. लहान पोर मोठ्यांच्या पंगतीत येऊन बसल्यावर हसतात तसं.

“तू चहाचं बघ,” त्या म्हणाल्या.

मी उठले. वही खुर्चीवरच राहिली. ती उचलायचंही भान राहिलं नाही.

नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी. मी तिथे आवक-जावक क्लार्क, दर वर्षी नवीन होणाऱ्या करारावर. आलेलं टपाल नोंदवायचं, जाणाऱ्याला नंबर टाकायचा, तिकीट लावायचं, कुरियरवाल्याची सही घ्यायची. पाच वर्षांत माझ्या हातून एक पत्र हरवलं नव्हतं. आम्ही कोकणा आदिवासी, पेठ तालुक्यातले. बाप डोंगरउतारावर नागली पिकवायचा, उरलेले महिने द्राक्षाच्या बागांत मजुरीला जायचा. मी आश्रमशाळेतून बारावी झाले. इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली. मॅडमनी मुलाखतीतच विचारलं होतं, तुम्हाला सरकारीत राखीव जागा असतात ना, मग इकडे कशाला? तेव्हा मला तो साधा प्रश्न वाटला होता.

चहा हे माझं काम नव्हतं. चहा देणारा शिपाई सोडून गेला आणि मॅडम म्हणाल्या, नवीन माणूस मिळेपर्यंत तू बघ. ऑफिसात बाया आणखी तीन होत्या. दोघी अकाउंटला, एक ड्रॉइंग सेक्शनला. त्यांना कुणी म्हणालं नाही. मीही विचारलं नाही. आठ महिने झाले, नवीन माणूस काही मिळेना.

त्या दिवशी कप वाटून झाल्यावर मी ट्रे घेऊन भिंतीला टेकून उभी राहिले. कुणी जा म्हणालं नाही. रिकाम्या ट्रेकडे कोण बघतं? ट्रेनर पडद्यावर दाखवत होता. टूमध्ये कुणाचं नाव, सीसीत कुणाचं. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. खुर्च्यांवरची दोन-तीन माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मला लगेच समजलं. कार्बन पेपरने माझी बोटं पाच वर्षं काळी होत होती.

सगळ्यांना ईमेलचे आयडी मिळाले. मला नाही. पण साहेबलोकांचा पडद्यावर भरवसा नव्हता. आलेला प्रत्येक मेल प्रिंट काढून फाइलला लावायचा, असा हुकूम निघाला. फाइल लावणार कोण? मी.

त्या प्रिंटांवर मी ईमेल शिकले. कागदावर. विषय एका ओळीत कसा लिहायचा ते बघितलं. मॅडम डायरेक्टरसाहेबांना लिहिताना ‘प्लीज’ कुठे घालतात आणि खालच्या माणसाला लिहिताना कुठे गाळतात, ते बघितलं. कोण कुणाची चुगली सीसीतून करतो, तेही दिसायला लागलं. दोन-चार वाक्यं रोज वहीत उतरवून घ्यायची. वही नवीन घेतली होती.

मग रविवारी दुपारी सीबीएस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जायला लागले. तिथल्या माणसाला सांगून फुकटातलं खातं उघडलं. खातं उघडलं आणि हात थांबले. लिहायचं कुणाला? माझ्या ओळखीत, नात्यागोत्यात एकाचाही असला पत्ता नव्हता. शेवटी मी मलाच लिहिलं. ‘डिअर मॅडम’ अशी सुरुवात केली, प्रिंटमध्ये असायची तशी. पाठवलं. थोड्या वेळाने आलं. उघडलं. डिअर मॅडम. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हटलं होतं आणि ती मीच होते. मी तिथे बसून रडले. शेजारची कॉलेजची पोरं गेम खेळत होती, त्यांनी बघितलं नाही.

वर्षभराने ईमेलच्याच सॉफ्टवेअरमधलं कॅलेंडर सुरू झालं. मीटिंगा आता त्यातच लागायच्या. रोज सकाळी माझ्या टेबलावर एक कागद यायचा: अकरा वाजता सहा कप, तीन वाजता दहा कप. मला वाटायचं, मॅडमच टाइप करून ठेवत असतील.

अकाउंटला सोनवणे म्हणून होते, सटाण्याकडचे. ऑफिसात शुद्ध बोलायचे, मन गडबडलं की अहिराणीवर यायचे. एकदा मी व्हाउचर द्यायला गेले तर त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. हळूच म्हणाले, “ताई, हाई देख. तुनं नाव आठे शे.” माझं नाव इथे आहे म्हणे.

मीटिंग लावायची तर दोन याद्या. एक माणसांची. माणसाला निमंत्रण जातं. त्याला हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं, वेळ बदला म्हणता येतं. दुसरी यादी रिसोर्सेसची. वस्तूंची. वस्तूला विचारायचं नसतं. मोकळी आहे का बघायचं आणि घ्यायची.

त्या दुसऱ्या यादीत चार नावं होती. कॉन्फरन्स हॉल. प्रोजेक्टर. मारुती व्हॅन. आणि मी. माझं नाव, पुढे छोटी रेघ, पुढे ‘टी’.

सोनवण्यांनी माझ्या नावावर क्लिक केलं. माझा अख्खा आठवडा समोर आला. निळे चौकोन. कुणी कुणी मला घेतलं होतं ते प्रत्येक चौकोनावर लिहिलेलं. शुक्रवारी दोघांना मी एकाच वेळी हवी होते, तर सॉफ्टवेअरने दुसऱ्याला सांगितलं होतं, ही रिकामी नाही.

मी तशीच मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ऐकून घेतलं. हसल्या. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, ही सिस्टिमची सोय आहे, असं समजावलं.

“माझं नाव माणसांत टाका, मॅडम.”

“माणसांत टाकायला आयडी लागतो. तुला आयडी नाही.”

“मग आयडी द्या.”

“तुला कशाला? लिहिणार कुणाला तू?”

हे मात्र त्यांनी न हसता विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी सायबर कॅफेत गेले. सगळ्यांचे पत्ते मला पाठ होते, हजारदा फाइलला लावलेले. टूमध्ये प्रधान मॅडम. सीसीत डायरेक्टरसाहेब आणि सगळे डिपार्टमेंट हेड. विषय: माझं नाव. मराठी टाइप होत नव्हतं, म्हणून इंग्रजीत लिहिलं. मी या कंपनीत आवक-जावक क्लार्क आहे. मी वस्तू नाही. वस्तूंच्या यादीतून माझं नाव काढा. उद्यापासून मी चहा देणार नाही. खाली पूर्ण नाव. बापाचं नाव, आडनाव, सगळं.

पाठवलं.

सोमवारी दहा वाजताच बोलावलं. केबिनमध्ये दोन हेड बसलेले. मॅडमच्या हातात माझ्या मेलची प्रिंट.

“हे कुणी लिहून दिलं तुला?”

मी म्हणाले, मीच लिहिलं. त्यांना पटेना. एवढं सरळ इंग्रजी? सोनवण्यांना बोलावलं. ते खाली बघत म्हणाले, मला यातलं काही माहीत नाही, या बाईंशी माझा फारसा संबंधही येत नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना दोन पोरी होत्या, हप्ते होते. सगळं समजत होतं मला, तरी ते ‘या बाई’ लागलं.

मॅडमनी एक खुर्ची पुढे सरकवली. आपला कम्प्युटर माझ्याकडे वळवला.

“बस इथे. माझ्यासमोर लिहून दाखव.”

ट्रेनिंगच्या दिवशी जिच्यावरून उठवलं, ती खुर्ची आज स्वतःहून पुढे आली होती. बोटांना सवय झाली होती. पाच मिनिटांत लिहून दाखवलं असतं. एक क्षण बसावंसंही वाटलं. मग कळलं, बसले की जन्मभर दाखवतच राहायचं. वाचता येतं ते दाखव. लिहिता येतं ते दाखव. माणूस आहेस ते दाखव. त्यांना एकदाही काही दाखवावं लागलं नव्हतं.

“नाही दाखवणार. लिहिलंय. ते वाचा.”

मी बाहेर आले. त्या दिवशी चहा झाला नाही.

नाव निघालं यादीतून. डायरेक्टरसाहेबांना आपल्या सीसीत कटकट नको होती. पण मला आवक-जावकवरून काढून मागच्या गेटला, भंगाराच्या नोंदीला बसवलं. पत्र्याची खोली, एक टेबल. आणि चहाला कंत्राटदाराकडून एक बाई आली, सुरगाण्याकडची. मी तिला नाव विचारलं.

“नाव कशाला पायजे? बाईच म्हण. समदे तेच म्हणतात.”

तिचं नाव हिराबाई. दोन दिवसांनी सांगितलं तिने. यादीचं मी अकाउंटमधल्या एका मुलीला विचारून घेतलं. यादीत आता प्रोजेक्टर होता, व्हॅन होती, आणि माझ्या जागी ‘टी बाई’ लिहिलं होतं. माझं निदान नाव तरी होतं.

म्हणजे मी फक्त जागा रिकामी करून दिली होती.

मी हिराबाईला सगळं सांगितलं. तिला विचारलं, लिहू का? तिने बराच वेळ पदराचं टोक पिळलं आणि म्हणाली, लिही. मी दुसरा मेल लिहिला. तेच पत्ते. या वेळी विषयात तिचं पूर्ण नाव.

आठ दिवसांनी मॅडम स्वतः भंगाराच्या खोलीपर्यंत आल्या. हातात टाइप केलेला कागद. दोन्ही मेल मी गैरसमजातून लिहिले, त्याबद्दल दिलगीर आहे, असा मजकूर. खाली माझ्या सहीसाठी जागा. सही केली की आवक-जावकचं टेबल परत. वर आयडीसुद्धा. नाही केली तर कराराचं नूतनीकरण होणार नाही.

आयडीसाठी मी दोन वर्षं झुरले होते. त्यांना ते माहीत होतं.

मी मजकूर पूर्ण वाचला. ‘गैरसमज’ या शब्दाखाली पेनाने रेघ मारली, बाजूला लिहिलं: गैरसमज नव्हता. कागद त्यांच्या हातात परत दिला.

करार संपला. नोकरी गेली. बापाने कारण विचारलं, मी सांगितलं. हिराबाईला महिनाभरात बदललं, ती कुठे गेली ते मला आजवर कळलेलं नाही. त्याचा दोष मी स्वतःला देते. पण त्या कागदावर मी सही केली नाही. उद्या कुणी पुन्हा समोर ठेवला, तरी करणार नाही.